‘आजोबा, तुम्ही पंधरा वर्षांचे होतात तेव्हा...’

पेण/रोहा, प्रतिनिधी - नववी-दहावीत शिकणारा नातू आणि पंचाहत्तरी गाठलेले आजोबा एकाच छपराखाली राहतात. परंतु ‘जेवलास का?’, ‘अभ्यास झाला का?’ आणि ‘मोबाइलचा आवाज कमी कर’ यापलीकडे त्यांचे संभाषण फारसे जात नाही. पेण-रोह्यातच नव्हे, तर महाराष्ट्रातील असंख्य घरांत हेच चित्र आहे. या अबोल्यामागे बहुधा भांडण नसते. बोलायला समान विषय नसतो, एवढेच. ज्येष्ठांनी आपल्या आयुष्याची कथा सांगावी आणि किशोरवयीनांनी ती विचारून, ऐकून, नोंदवून घ्यावी, असा एक साधा उपाय जगातील मानसशास्त्रज्ञ, शिक्षक आणि इतिहासाचे अभ्यासक गेल्या सहा दशकांपासून सांगत आले आहेत. उपाय जुनाच आहे. तथापि तो कशामुळे लागू पडतो आणि कशामुळे फसतो, हे आता बऱ्याच अंशी स्पष्ट झाले आहे.

दोन टोकांचा एकटेपणा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये सामाजिक संबंधांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. जगातील दर सहा व्यक्तींपैकी एक एकटेपणाने ग्रासलेली आहे, असे त्यात म्हटले आहे. लोकांशी संपर्कच तुटला आहे अशांचे प्रमाण ज्येष्ठांमध्ये तिघांत एक इतके, तर किशोरवयीनांमध्ये चौघांत एक इतके असू शकते, असाही या अहवालाचा अंदाज आहे. एकटेपणा हा म्हातारपणाचा आजार, अशी आपली समजूत असते. वस्तुतः आयुष्याच्या दोन्ही टोकांना तो सारखाच भेटतो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील नागरिकांचे प्रमाण ९.९ टक्के होते, देशाच्या ८.६ टक्के या सरासरीपेक्षा ते अधिक होते. कोकणात तर मुंबईच्या नोकरीमुळे घरातील कर्ता माणूस बाहेर आणि गावी म्हातारी माणसे व शाळकरी मुले, ही घडण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पेण आणि रोहा मुंबईला जवळ असल्याने येथे रोज पहाटे बाहेर पडून रात्री परतणारा वर्गही मोठा. दिवसाचे कितीतरी तास घरात उरतात ती हीच दोन टोके.

आठवणींचा उंचवटा

वृद्ध माणसे जुन्या आठवणी उगाळतात, हे पूर्वी मन दुबळे झाल्याचे लक्षण मानले जाई. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये या समजुतीला धक्का दिला. उतारवयात माणूस आपल्या आयुष्याचा ताळेबंद मांडत असतो, आठवणी काढणे हे त्या ताळेबंदाचे स्वाभाविक साधन आहे आणि ऐकणारा मिळाला तर त्यातून मनाला स्वस्थता लाभू शकते, असे त्यांनी मांडले. एरिक एरिक्सन यांच्या प्रसिद्ध सिद्धान्तानेही याला पुष्टी मिळते. किशोरवयात माणसापुढे ‘मी कोण?’ हा प्रश्न असतो, तर वार्धक्यात ‘जे जगलो त्याला अर्थ होता काय?’ हा प्रश्न. एकाला आरंभ हवा असतो, दुसऱ्याला निष्कर्ष. दोघांनाही कथेचीच गरज असते.

याहूनही महत्त्वाचा शोध स्मरणशक्तीच्या अभ्यासातून पुढे आला. साठी-सत्तरीतील व्यक्तींना आपल्या आयुष्यातील आठवणी सांगावयास लावले, तर अलीकडचा काळ सोडता त्यातील सर्वाधिक आठवणी साधारण दहा ते तीस वर्षे या वयातील निघतात. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हे दाखविले. आलेखावर या वयात रेषा उंच उठते, म्हणून त्याला आठवणींचा उंचवटा म्हणता येईल. पहिली नोकरी, पहिले प्रेम, लग्न, गाव सोडणे, परीक्षेतील यश-अपयश हे सारे याच काळात प्रथम घडते आणि जे प्रथम घडते ते खोल रुजते.

या निष्कर्षाचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. आजोबांच्या मनात सर्वाधिक जिवंत असलेला काळ आणि नातवाचे आजचे वय जवळजवळ एकच आहे. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला पंधरा वर्षांच्या मुलाशी बोलायला विषय नाही, हे म्हणूनच खरे नाही. त्या दोघांच्या वाट्याला आलेला विषय एकच आहे: पंधरावे वर्ष. आज पंचाहत्तरीत असलेली व्यक्ती १९६५ च्या सुमारास पंधरा वर्षांची होती. तेव्हा रोह्यापर्यंत रेल्वे आलेली नव्हती. ती १९८६ मध्ये आली आणि रोह्याहून दक्षिणेस जाणारी कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. धाटावची औद्योगिक वसाहत येण्यापूर्वीची कुंडलिका, लाँचने गाठावी लागणारी मुंबई, कंदिलाखालचा अभ्यास हे त्या वयाचे जग होते. त्या जगातील मुलाला गणिताची भीती वाटत होती का, वडिलांशी त्याचे पटत होते का, या प्रश्नांची उत्तरे आजच्या मुलाला स्वतःची वाटतात.

पेण-रोह्याचे दोन नातू

या भूमीला ही गोष्ट नवीन नाही. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा भावे आणि रोहे येथे १९२० मध्ये जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले या दोन्ही व्यक्तींच्या घडणीत आजोबांचा वाटा मोठा आहे.

विनोबांनी पुढे आपल्या आठवणी सांगताना आजोबा शंभुराव यांचा उल्लेख आदराने केला. गणेशोत्सवात घरच्या मुलांनी चंदन उगाळायचे, त्यातून मूर्ती घडवायची, तिची पूजा करायची आणि अखेरीस ती विसर्जित करायची, हा बालपणीचा अनुभव त्यांच्या मनावर कायम राहिला. ज्याला प्रेमाने घडवले त्यालाच शांतपणे निरोप द्यायचा, हा धडा त्यांना आजोबांच्या व्याख्यानातून मिळालेला नव्हता. त्यांच्या शेजारी बसून हात राबविताना मिळाला होता. विशेष म्हणजे विनोबांनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्या आठवणींचे जे पुस्तक आज उपलब्ध आहे, ते त्यांनी वेळोवेळी सांगितलेल्या गोष्टींवरून त्यांच्या सहवासातील कालिंदी यांनी संकलित केले. नातवाने आजोबांकडून घेतले आणि त्या नातवाच्या म्हातारपणी पुढच्या पिढीने त्याच्याकडून टिपून घेतले.

आठवले यांची कथाही अशीच. ते बारा वर्षांचे असताना आजोबा लक्ष्मणशास्त्री यांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आखला. ऐन किशोरवयात लाभलेल्या या शिक्षणाच्या पायावर पुढे स्वाध्याय परिवाराचे कार्य उभे राहिले. त्यासाठी आठवले यांना १९९६ मध्ये मॅगसेसे आणि १९९७ मध्ये टेम्पल्टन हे पुरस्कार मिळाले. प्रत्येक आजोबा शास्त्री नसतात आणि प्रत्येक नातू विनोबा होत नाही, हे खरे. परंतु वयाच्या बाराव्या-पंधराव्या वर्षी घरातील वडीलधाऱ्या माणसाने दिलेला वेळ किती दूरवर पोहोचतो, याची ही दोन उदाहरणे घराजवळची आहेत.

काय हरवते आहे?

जर्मन अभ्यासक यान आसमान यांनी समाजाच्या स्मृतीचे दोन प्रकार सांगितले आहेत. ग्रंथ, स्मारके, सण यांतून टिकते ती सांस्कृतिक स्मृती आणि माणसामाणसांच्या बोलण्यातून टिकते ती संवादी स्मृती. या दुसऱ्या प्रकारचे आयुष्य त्यांनी साधारण ८० ते १०० वर्षे, म्हणजे तीन-चार पिढ्या, असे मानले. पेणशेजारच्या उरण तालुक्यात २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला. त्यातील हुतात्म्यांचे स्मारक आहे, दरवर्षी त्यांना अभिवादन केले जाते. मात्र त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कोण रानात लपून राहिले, हे तपशील आता केवळ नातवंडांच्या ऐकीव आठवणीत उरले आहेत. ती नातवंडेही आज म्हातारी आहेत.

पेण-रोह्यातील ज्येष्ठांकडे असलेले ज्ञान केवळ भावनेचे नाही. पेणच्या खारेपाटात भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात आणि पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर काढण्यासाठी उघाडी ठेवलेली असते. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली, की खारे पाणी आत येते आणि जमीन नापीक होते. पूर्वी अशा वेळी सारे गाव अंगमेहनतीने खांड बुजविण्यास धावत असे. खारभूमी विकासाचा कायदा १९७९ मध्ये झाला आणि बांधांची जबाबदारी बऱ्याच अंशी शासकीय योजनांकडे गेली. त्याबरोबर कोणत्या तिथीच्या भरतीला जोर अधिक, बांधाचा कोणता भाग कच्चा, माती कोठून आणावी, ही माहिती हळूहळू म्हाताऱ्या माणसांपुरती राहिली. पेण, पनवेल व उरण तालुक्यांतील १२४ गावांमध्ये नवे नगर वसविण्याची अधिसूचना २०२४ मध्ये निघाली. जमिनीचा वापर बदलला, की शेतांची, बांधांची आणि पाणवठ्यांची नावेही कागदावरून नाहीशी होतात. ती केवळ बोलण्यात उरतात आणि बोलणारे फार काळ उरत नाहीत.

हीच गोष्ट हमरापूर-जोहे परिसरातील मूर्तिकारांची. शाडूच्या मातीवर हात बसविणारी पिढी आणि प्लास्टरच्या साच्यावर वाढलेली पिढी यांच्यामध्ये अनेक बारकावे अडकून पडले आहेत. आगरी-कोळी समाजातील लग्नात धवले गाणाऱ्या धवलारिणी हे सारे मुखोद्‌गत ठेवून असतात. वहीत ते क्वचितच असते. डोंगरातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर रानभाज्यांची आणि औषधी वनस्पतींची ओळख अशीच तोंडी चालत आली आहे.

गोष्टीने वाचविलेले प्राण

अशा तोंडी ज्ञानाची किंमत किती असू शकते, हे २००४ च्या त्सुनामीने दाखवून दिले. इंडोनेशियाचे सिमेउलुए बेट भूकंपाच्या केंद्राला अगदी जवळ होते. तरीही तेथील सुमारे ७८ हजार लोकसंख्येपैकी केवळ सात जण दगावले. १९०७ मध्ये त्या बेटावर अशीच लाट आली होती. ‘जोराने जमीन हलली आणि समुद्र मागे हटला, की डोंगराकडे धावा’ ही गोष्ट आजी-आजोबांनी गाण्यांतून आणि कथांतून नातवंडांना शतकभर सांगितली होती. यंत्रणेचा इशारा पोहोचण्याआधी गोष्ट पोहोचलेली होती.

रोहे तालुक्यातील नागोठणे आणि अंबा नदीच्याच काठी असलेल्या सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा येथील लोकांना २४ जुलै १९८९ चा महापूर विसरता येणे शक्य नाही. त्या पुराला साडेतीन दशके उलटून गेली. आजच्या दहावीच्या विद्यार्थ्याचे आई-वडीलही तेव्हा लहान असतील. पाणी प्रथम कोणत्या बाजूने चढले, कोठपर्यंत आले, कोणत्या घराच्या माळ्यावर माणसे वाचली, ओसरायला किती वेळ लागला, हे ज्यांनी जाणत्या वयात पाहिले ते आज ज्येष्ठ नागरिक आहेत. दर पावसाळ्यात अंबा आणि कुंडलिका इशारा पातळीकडे झुकतात. अशा वेळी ही आठवण म्हणजे गावाच्या सुरक्षिततेचा एक भाग ठरते.

जगभरातील प्रयोग

शाळकरी मुलांकडून हे काम उत्तम होऊ शकते, हे अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील एका शाळेने १९६६ पासून दाखविले. रेबन गॅप या डोंगराळ भागातील विद्यार्थ्यांनी वर्गातील कंटाळा घालविण्यासाठी ‘फॉक्सफायर’ नावाचे नियतकालिक काढले. त्यासाठी ते गावातील वृद्धांकडे जाऊन लाकडी घर बांधणे, साबण करणे, हवामान ओळखणे यांविषयी विचारून लिहू लागले. १९७२ मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि ते देशभर गाजले.

इस्रायलमध्ये तर हा शालेय उपक्रमच आहे. तेल अवीव येथील ज्यू लोकांच्या संग्रहालयाच्या पुढाकाराने आणि शिक्षण खात्याच्या सहकार्याने विद्यार्थी ज्येष्ठांना भेटतात, त्यांची कथा लिहितात आणि ती राष्ट्रीय संग्रहात जमा करतात. या देशाशी रायगडचे नाते जुने आहे. १९४८ नंतर कोकणातील बेने इस्रायली कुटुंबे मोठ्या संख्येने तेथे स्थायिक झाली. पेणकर आणि रोहेकर ही त्यांच्यातील आडनावे आजही या दोन गावांची आठवण देतात. ज्या समाजांनी गाव सोडले, त्यांना गोष्टीचे मोल अधिक लवकर कळले, असे म्हणावे लागेल.

महाराष्ट्रातही पाया तयार आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. ‘माझ्याकडे सांगण्यासारखे काय आहे?’ असे म्हणणाऱ्या आजीकडे खरोखर किती साठा असतो, याचा हा पुरावाच. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेने उलट दिशाही दाखविली. तेथे नातवंडे आजीला अक्षरे गिरविण्यास मदत करतात. देवाणघेवाण दुहेरी असली, की संकोच लवकर गळून पडतो.

वर्षातून एक दिवस पुरेल?

राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शाळांतून ‘आजी-आजोबा दिवस’ साजरा करण्याचा उपक्रम हाती घेतला आहे. तो स्वागतार्ह असला, तरी पुष्पगुच्छ, सत्कार आणि मनोगत यावर कार्यक्रम आटोपला, तर मूळ हेतू साधणार नाही. अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी वीस प्रश्न तयार केले होते. आजी-आजोबा कोठे वाढले, आई-वडिलांची भेट कशी झाली, कुटुंबावर कोणते संकट आले, अशा प्रश्नांची उत्तरे ज्या मुलांना ठाऊक होती, त्यांच्यात आत्मविश्वास अधिक आढळला. मात्र केवळ उत्तरे पाठ करून हा लाभ होत नाही, असेही संशोधकांनी स्पष्ट केले. ज्या घरात जेवताना, प्रवासात, सणावाराला वारंवार बोलणे होते, त्या घरातील मुलांना ही उत्तरे ठाऊक असतात. बळ त्या बोलण्यात असते. त्यातही ‘आम्ही शून्यातून वर आलो’ या कथेपेक्षा ‘आम्ही वर चढलो, पडलो, पुन्हा सावरलो’ ही कथा मुलांना अधिक आधार देते. आजोबांनी आपले नापास होणे सांगितले, तर परीक्षेच्या ताणाखालील नातवाला ते कोणत्याही उपदेशाहून उपयोगी पडते.

पेण-रोह्यातील शाळा, ग्रंथालये आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांना हे काम विशेष खर्चाविना करता येण्यासारखे आहे. चार-पाच भेटींचा क्रम ठरवावा. एका ज्येष्ठासमोर दोन विद्यार्थी असावेत, म्हणजे एक विचारतो आणि दुसरा नोंदी घेतो. प्रत्येकाने शक्यतो शेजारच्या घरातील ज्येष्ठाकडे जावे. आपल्याच आजोबांना आपण बऱ्याचदा गृहीत धरतो. पहिला प्रश्न ‘तुमच्या आयुष्याविषयी सांगा’ असा ठेवू नये, कारण त्याचे उत्तर सहसा दोन वाक्यांत संपते. जुना फोटो, पितळी डबा, बांधावर चालविलेले फावडे, शाळेचा दाखला यांपैकी एखादी वस्तू पुढे ठेवावी. ‘तुम्ही पंधरा वर्षांचे होतात तेव्हा सकाळी उठल्यावर पहिले काम कोणते असे?’ अशा नेमक्या प्रश्नाने दार उघडते. उत्तरानंतर काही क्षण थांबावे, कारण महत्त्वाचे वाक्य बहुधा त्या शांततेनंतर येते. सन-तारखेची चूक मध्येच सुधारू नये. ती मागाहून जुन्या कागदपत्रांवरून पडताळता येते. आगरी बोलीत सांगितलेले आगरीतच लिहावे, त्याचे पुस्तकी मराठी करू नये. शेवटच्या भेटीत विद्यार्थ्याने आपल्या पंधराव्या वर्षाविषयी सांगावे आणि ज्येष्ठांनी ऐकावे.

काही पथ्ये

प्रत्येक आठवण सुखाची नसते. जातीवरून झालेला अपमान, उपासमार, बालविवाह, गमावलेले मूल, विकावी लागलेली जमीन, असे बरेच काही या कथांतून वर येऊ शकते. अशा वेळी थांबण्याचा अधिकार सांगणाऱ्याचा आहे, हे मुलांना आधी समजावून द्यावे आणि शिक्षकाने जवळपास असावे. ध्वनिमुद्रणापूर्वी परवानगी घ्यावी आणि ते समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी पुन्हा वेगळी परवानगी घ्यावी. विस्मरणाचा आजार जडलेल्या व्यक्तीस ‘आठवते का?’ असे विचारून परीक्षेस बसवू नये. ओळखीचे गाणे किंवा वस्तू पुरेशी असते. लिहून झालेली कथा प्रथम त्या ज्येष्ठाला वाचून दाखवावी आणि तिची एक प्रत त्यांच्या घरी द्यावी. जे त्यांचे आहे ते प्रथम त्यांना परत मिळाले पाहिजे.

ज्येष्ठांसाठीही एक पथ्य आहे. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ या वाक्याने सुरू झालेली गोष्ट मुलांच्या कानापर्यंत पोहोचत नाही. ‘मलाही तेव्हा भीती वाटली होती’ या वाक्याने सुरू झालेली पोहोचते.

दसऱ्यानंतर रोह्यात श्रीधावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची सलामी होते आणि मुंबई-पुण्याहून घरी आलेली तिन्ही पिढ्यांची माणसे गर्दी करतात. पेणला गणपतीच्या दिवसांत हेच घडते. अशा दिवशी घरातील मोबाइलचा उपयोग छायाचित्रांबरोबर अर्ध्या तासाच्या ध्वनिमुद्रणासाठीही होऊ शकतो. त्यासाठी समिती नको, निधी नको. एक नेमका प्रश्न आणि अर्धा तास पुरे. १९६५ मध्ये पंधरा वर्षांची असलेली ती मुले आज प्रश्नाची वाट पाहत ओटीवर बसलेली आहेत, आणि दर वर्षी त्यांची संख्या घटत आहे.